शहर वाढले की रस्ते आपोआप जुळतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विश्रामबागच्या उत्तरेला, कुपवाडच्या बाजूला आपण दहा वर्षांपूर्वी घर बांधले. मुलीची शाळा गच्चीवरून दिसते. मध्ये एका जुन्या बांधावर उभी असलेली कॉलनीची भिंत आणि पलीकडे घरांची एक ओळ, एवढेच अंतर आहे. तरीही तिला सोडायला मुख्य रस्त्यावर येऊन जवळजवळ दोन किलोमीटरचा फेरा मारावा लागतो. ‘वस्ती वाढली की मधले रस्ते होतील’ असे प्लॉट घेताना सांगितले गेले होते. वस्ती वाढली, पण रस्ता झाला नाही. तेव्हा शहराच्या वाढीबरोबर रस्त्यांची जोडणी सुधारते की बिघडते, आणि आपल्या बाबतीत अजून काही करता येईल का, हे आपण विचारले आहे.

मी नगररचनेच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ घालवला; सुरुवातीची काही वर्षे साताऱ्यात आणि पुढची बहुतेक सांगली-मिरज परिसरात. त्या अनुभवावरून आधी मुख्य उत्तर देतो : जोडणी आपोआप सुधारत नाही. रस्त्याचे डांबर काही पावसाळ्यांनी नवे होते, रुंदी एखाद्या पिढीत एकदा बदलते, रस्त्याकडेची घरे पन्नास-साठ वर्षांनी पाडून पुन्हा बांधली जातात. पण रस्ता कुठून निघून कुठे पोहोचतो आणि वाटेत कशाला मिळतो, ही गोष्ट बहुधा एकदाच ठरते. ती ठरते तेव्हा तिथे घर नसते, रहिवासी नसतात आणि पुष्कळदा नगररचनाकारही नसतो. असतो तो जमीनमालक, त्याचा मध्यस्थ, टेप धरणारा माणूस आणि फक्कीची पिशवी.

‘जोडणी’ हा शब्द मोघम वाटू नये म्हणून ती मोजतात कशी हे सांगतो. वस्तीचा नकाशा घ्यावा आणि जिथे रस्ते मिळतात, वळतात किंवा संपतात तिथे एक ठिपका द्यावा. दोन ठिपक्यांमधला रस्त्याचा तुकडा म्हणजे एक दुवा. दुव्यांच्या संख्येला ठिपक्यांच्या संख्येने भागले की वस्तीचा स्वभाव कळतो. पाच उभे आणि पाच आडवे रस्ते एकमेकांना छेदत असतील तर ठिपके २५ आणि दुवे ४० होतात, भागाकार १.६ येतो. याउलट खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात तसे रस्ते असतील, तर दुवे ठिपक्यांपेक्षा नेहमी एकने कमी भरतात आणि भागाकार १ च्या वर कधीच जात नाही. दुसरे माप याहून सोपे आहे आणि ते आपण नकळत घेतलेलेच आहे : प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर. काटकोनी जाळीत एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना हा वळसा कितीही वाईट धरला तरी दीडपटीच्या आत राहतो. आपला वळसा, आपण दिलेल्या वर्णनावरून, दहापटीच्या आसपास असावा.

आता हे असे का होते ते पाहू, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. सांगलीभोवतीची जमीन ही ऊस, हळद आणि द्राक्षांची जमीन आहे. भावाभावांत वाटणी होते तेव्हा शेत लांबीत फाडतात, कारण प्रत्येकाला वाटेवर तोंड हवे असते आणि पाटाचे किंवा विहिरीचे पाणी शेताच्या अंगाने शेवटपर्यंत न्यायचे असते. दोन-तीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर गावाच्या नकाशावर नुसत्या लांबट पट्ट्या उरतात. शेतीसाठी ही वाटणी शहाणपणाचीच आहे. पण शहर जेव्हा शेतात शिरते तेव्हा ते या पट्ट्यांच्या मापानेच शिरते.

दोन एकरांची एक पट्टी धरा. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, म्हणजे ८७,१२० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. मध्ये वीस फुटांचा रस्ता आणि दोन्ही अंगांना गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडायचे म्हटले की रुंदी ३३ अधिक २० अधिक ३३, म्हणजे ८६ फूट झाली आणि लांबी हजार फुटांच्या थोडी पुढे गेली. दोन्ही बाजूंना तीस-तीस, असे साठ प्लॉट बसतात. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा काटकसरीची आखणी नाही, कारण रस्त्यात कमीत कमी जमीन जाते आणि प्रत्येक प्लॉटला रस्ता लागतो. शेजारच्या भावाने पुढच्या वर्षी तेच केले. आता दोन गल्ल्या एकमेकींपासून ८६ फुटांवर समांतर पळतात आणि हजार फुटांत एकदाही भेटत नाहीत. एका गल्लीच्या टोकाच्या घरातून शेजारच्या गल्लीच्या टोकाच्या घरी हळदीकुंकवाला जायचे, तर हजार फूट बाहेर या, ८६ फूट मुख्य रस्त्याने चाला, पुन्हा हजार फूट आत जा. म्हणजे २६ मीटरवरच्या घरासाठी सुमारे ६४० मीटर चालणे, चोवीसपट वळसा.

अशा सहा पट्ट्या शेजारी-शेजारी घेतल्या आणि मुख्य रस्त्याचा तेवढाच भाग धरला, तर ठिपके १२ आणि दुवे ११ होतात, भागाकार ०.९२. याच सहा पट्ट्यांच्या मध्यातून एक आणि टोकाशी एक अशा दोन आडव्या वाटा आरपार नेल्या असत्या, तर ठिपके १८, दुवे २७ आणि भागाकार १.५ झाला असता. त्याला किती जमीन लागली असती? दहा फुटांची पायवाट एका पट्टीच्या दोन्ही ओळींतून काढायला ६६ फूट गुणिले १० फूट, म्हणजे ६६० चौरस फूट. दोन वाटांचे मिळून १,३२० चौरस फूट, साधारण सव्वा गुंठा. ऐंशी गुंठ्यांतला सव्वा गुंठा. हीच जमीन वीस वर्षांनी मागायला गेलात, तर तिथे कोणाचे तरी दुमजली घर, बोअर आणि तुळशीवृंदावन असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाकडेतिकडे रस्ते म्हणजे वाईट आणि सरळ रस्ते म्हणजे चांगले, असे अनेकांना, काही अभियंत्यांनाही, वाटते. वर सांगितलेल्या सहाही गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. त्याउलट सांगलीच्या गावभागात किंवा खणभागात फिरून पाहा. गल्ल्या अरुंद आहेत, बोळ कोनात वळतात, चारचाकी शिरली की दोघांना थांबावे लागते. पण माणूस अडत नाही. पटेल चौकातून मारुती चौकाकडे जायला एक वाट बंद असली तर दुसरी सापडते. चिंतामणराव पटवर्धनांनी १९ व्या शतकाच्या आरंभी सांगलीला राजधानी केल्यानंतर जो गाव घडत गेला, तो पायी चालणाऱ्यांचा होता, आणि चालणारा माणूस हजार फुटांचा फेरा मुकाट्याने सहन करत नाही. तो बोळ काढतो. साताऱ्यातही हेच दिसते. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाणारे वरचा आणि खालचा असे दोन रस्ते आहेत, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारामुळे त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या चढणीच्या, काही ठिकाणी दम लागावा अशा आहेत. तरी त्या आहेत, आणि म्हणून जुन्या पेठा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत.

आखून वसवलेल्या गावाचे उदाहरण हवे असेल तर लांब जायला नको. अंकलीचा पूल ओलांडून कोल्हापूर रस्त्याला लागले की जयसिंगपूर येते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी ते वसवले, आणि तिथे आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. ज्या गावात गल्लीला क्रमांक देता येतो, त्या गावात पहिले घर बांधण्याआधी कोणीतरी सगळी गल्ली कागदावर पाहिलेली असते. त्या गावातही पुढे भरपूर वाढ झाली आणि बाहेरच्या बाजूला तीच पट्ट्यांची कथा सुरू झाली. पण मूळ जाळी शतकभर टिकून आहे, आणि ‘रस्ता एकदाच ठरतो’ या विधानाची चांगली बाजू तिथे दिसते.

आपल्याकडे ही जाळी मोडली कधी, याचे उत्तर एका वर्षात देता येत नाही. कशी मोडली ते मात्र सांगता येते. शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रतिबंध केला आणि रीतसर बिनशेती रेखांकन, म्हणजे प्लॉट आणि रस्ते पाडण्याचा मंजूर नकाशा, करायचे म्हटले तर रस्त्यांची रुंदी, खुली जागा, नकाशे, मोजणी हे सर्व आले. साधारण एक एकराच्या, म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या वर क्षेत्र असेल तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ज्याला रिक्षा चालवून किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काम करून एक गुंठा जागा घ्यायची होती, त्याला परवडेल असा प्लॉट या मार्गाने तयार होत नव्हता. मग बाँडपेपरवर, साठेखतावर, अविभक्त हिश्श्याच्या खरेदीवर गुंठे विकले गेले. त्याला लोकांनी गुंठेवारी म्हटले आणि २००१ मध्ये शासनाला त्याच नावाचा कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड नियमित करण्याची सोय करावी लागली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. या कायद्याने लाखो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, हे मी मनापासून मान्य करतो. पण नियमित करणे म्हणजे जे जसे आहे ते तसे मान्य करणे. प्लॉट नियमित होतो, घर नियमित होते, बंद टोकाची गल्लीही तशीच कायम होते. विकास शुल्कातून गटार, पाणी, दिवे येतात. शेजारच्या गल्लीला मिळणारी वाट येत नाही, कारण तिच्यासाठी कोणाचा तरी नियमित झालेला प्लॉट काढून घ्यावा लागेल.

गुंठेवारीवर सगळा दोष ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. मंजूर रेखांकनांची अवस्था अनेकदा याहून फार बरी नसते, आणि यात माझाही हात आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक रेखांकन तपासणीला आले. त्यातला नऊ मीटरचा रस्ता पूर्वेच्या बांधापर्यंत नेलेला होता. पुढे शेजारची जमीन विकसित होईल तेव्हा जोडला जाईल, या अपेक्षेने मी शिफारस केली. तीन वर्षांनी बांधापलीकडच्या गटाचे रेखांकन आले. त्यातही रस्ता पश्चिमेच्या बांधापर्यंत आणलेला होता, आणि तेही नियमात बसत होते. दोन्ही मंजूर झाली. जागेवर प्लॉट पडल्यावर लक्षात आले की दोन रस्त्यांच्या मध्यरेषांत अठरा फुटांचे अंतर आहे, आणि एकाचा रस्ता जिथे संपतो तिथे समोर दुसऱ्याच्या कोपऱ्याच्या प्लॉटची हद्द अर्धाअधिक रस्ता अडवून उभी आहे. कारण अगदी साधे होते. प्रत्येक रेखांकन स्वतंत्र कागदावर येते, आणि त्या कागदावर शेजारचा गट म्हणजे नुसता क्रमांक लिहिलेली कोरी जागा असते. त्या कोऱ्या जागेत काय आहे किंवा काय येणार आहे, हे पाहण्याची सवय मला त्यानंतर लागली. दोन्ही बाजूंचे नकाशे एका मापात आणून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहायचे, ही आमची त्या काळातली पद्धत. आता संगणकावर ते काही मिनिटांचे काम आहे, तरीही ते होतेच असे नाही.

मग विकास आराखडा कशासाठी असतो, हा प्रश्न साहजिक आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली तयार होणारा आराखडा मोठे रस्ते दाखवतो. बारा, पंधरा, अठरा, चोवीस मीटरचे. असे दोन डीपी, म्हणजे विकास आराखड्यातले, रस्ते एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरवर असतील, तर चार रस्त्यांच्या मधला चौकोन २५ हेक्टरांचा, म्हणजे बासष्ट एकरांच्या आसपासचा होतो. वरच्या हिशोबाने त्यात दोन एकरांच्या तीस पट्ट्या मावतात. त्या तीस पट्ट्यांच्या आतली जोडणी आराखड्यात नसते, ती एकेका मालकाच्या रेखांकनावर सोडलेली असते, आणि एकेक मालक आपल्या बांधापुरते पाहतो. शिवाय आराखड्यातला रस्ता कागदावर अखंड असला तरी जमिनीवर तुकड्यांनी उतरतो. ज्याने बांधकाम परवानगी मागितली त्याच्यापुरता तो ताब्यात येतो. ज्याने ऊस ठेवला त्याच्या बांधावर थांबतो. आरक्षणाखालची, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाही, तर मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उठते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला वाढला, तो योग्यच वाढला, परंतु आपल्या आकाराच्या महापालिकेला गल्लीबोळांसाठी जमीन विकत घेणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका १९९८ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५ लाखांच्या थोडी वर होती. तीन वेगळ्या गावांच्या मधली शेती भरून काढत हे शहर वाढते आहे, आणि सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागलेल्या माळेतून आत शिरणाऱ्या गल्ल्या त्या एकाच रस्त्यावर रिकाम्या होतात. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे शाळेच्या रिक्षांची रांग लागते तेव्हा लोक रस्ता रुंद करा म्हणतात. मागणी चुकीची नाही, पण त्या रांगेतल्या पुष्कळ गाड्यांना मुळात त्या रस्त्यावर येण्याचे कारण असते ते फक्त शेजारच्या गल्लीत जाण्याचे.

यावर आपल्याच राज्याच्या जुन्या कायद्यात चांगले उत्तर होते आणि आजही आहे. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला आणि त्यातून नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, आली. तीत एखाद्या भागातल्या सर्व मालकांच्या जमिनी तात्पुरत्या एकत्र धरतात, रस्ते व सार्वजनिक जागा सर्वांकडून प्रमाणात वजा करतात, आणि उरलेली जमीन चांगल्या आकाराचे अंतिम भूखंड करून मालकांना परत देतात. मूळ पट्टी आडवीतिडवी असली तरी परत मिळणारा भूखंड रस्त्याला काटकोनात असतो, आणि पट्ट्यांच्या बांधांवरून रस्ता ठरत नाही. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांचे बरेच भाग अशा योजनांतून घडले. गुजरातने ही पद्धत सोडली नाही, आणि अहमदाबादच्या बाहेरची वाढ आजही बऱ्याच प्रमाणात तिच्यातूनच होते. महाराष्ट्रात मात्र आराखडा आणि आरक्षण यांवर भर पडला व योजना मागे राहिल्या. मला विचाराल तर सांगलीसारख्या पट्टीदार जमिनीच्या शहराला टीपी स्कीमइतके सोयीचे हत्यार दुसरे नाही. फक्त ती शेत उभे असताना करावी लागते.

आपण विचारले आहे की हे सगळीकडेच असे होते का. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या शतकभराच्या रस्त्यांचा असा हिशोब मांडला आहे. त्यांच्या निष्कर्षानुसार तिथल्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात दीर्घकाळ घसरत गेली, १९९४ च्या आसपास तिने तळ गाठला, आणि त्यानंतरच्या नव्या वस्त्यांत ती पुन्हा सुधारू लागली. पुढे त्यांनी जगभरच्या नकाशांवर तसेच काम केले, तेव्हा १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवी वाढ अधिकाधिक तुटक होत चालल्याचे दिसले. पण बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू यांसारख्या देशांत चौकोनी जाळी टिकून आहे. याचा आपल्यापुरता अर्थ असा की घसरण हा वाढीचा अटळ नियम नाही. मात्र अमेरिकेतली सुधारणाही नव्या वस्त्यांतली आहे. आधीच्या तुटक वस्त्या बहुतांशी तशाच राहिल्या.

तुटक रचनेची किंमत फक्त चालणाऱ्याला मोजावी लागत नाही. बंद टोकाच्या गल्लीतली जलवाहिनीही बंद टोकाची असते. शेवटच्या घरांत दाब कमी मिळतो आणि टोकाशी गाळ साचतो, तर दोन्हीकडून जोडलेल्या वाहिनीत पाणी फिरते राहते. घंटागाडीला हजार फूट आत जाऊन वळायला जागा नसते, म्हणून ती तोंडाशी उभी राहते किंवा मागे-मागे बाहेर येते; अग्निशमनाच्या गाडीचेही तेच. आणि आपल्या शहराला तर पुराचा विचार सोडून चालत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली होती. अशा वेळी झाडासारख्या रचनेतली वस्ती तिच्या खोडाशी तुटते. गल्लीचे तोंड सखल असेल तर आतली उंचावरची, कोरडी राहिलेली घरेसुद्धा बेटे बनतात. मागच्या कुंपणापलीकडे दुसरी कोरडी गल्ली असते, पण तिथे भिंत असते.

भिंत काढण्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. वाट उघडली की चोर येतील, परक्या मोटारसायकली सुसाट जातील, मुलांना दारात खेळता येणार नाही, ही भीती खोटी नाही. पण सुसाट वाहतूक होते ती आरपार जाणारी एकच गल्ली असते तिथे. आसपासच्या चार-पाच गल्ल्या एकदम जुळल्या तर कोणतीच एक गल्ली आडवाट बनत नाही. शिवाय माणसासाठी वाट आणि मोटारीसाठी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा फुटांच्या पायवाटेच्या तोंडाशी मधोमध दगडाचा एक खांब दोन्ही अंगांना साधारण चार-चार फुटांच्या फटी ठेवून रोवला, तर माणूस, सायकल, चाकांची खुर्ची जाते आणि चारचाकी थांबते. दुचाकीही अडवायची म्हटली तर फटी अरुंद कराव्या लागतात, आणि मग चाकांची खुर्चीही अडते. तेवढा निर्णय तिथल्या लोकांनीच घ्यावा. शाळा, दूध, किराणा आणि दवाखाना एवढ्यांसाठी पायवाट पुरते, आणि ती पक्क्या रस्त्यापेक्षा कितीतरी कमी भांडणात मिळते.

आता आपल्या घराविषयी. प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून त्या भागाचा जुना गाव नकाशा मिळवा. गावाच्या शिवेवरून जाणारे शिव रस्ते आणि शेतांच्या मधून जाणाऱ्या पाणंद वाटा त्यावर दाखवलेल्या असतात. नव्या वस्त्यांखाली अशा कित्येक पाणंदी गडप झाल्या आहेत. एखादी आपल्या भिंतीच्या आसपास निघाली, तर आपण वाट मागत नसून असलेली वाट मोकळी करून मागत आहात, आणि तो अर्ज अधिक वजनदार असतो. येथे एक सावधगिरी : महसूल कायद्याचे कलम १४३ हे बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेसाठी आहे. कॉलनीच्या वाटेसाठी त्याखाली अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तर वेळ वाया जाईल.

दुसरे, आपल्या आणि भिंतीपलीकडच्या, अशा दोन्ही रेखांकनांची मंजुरी पत्रे अटींसह मिळवा. माहिती अधिकारात ती मिळतात. अंतर्गत रस्ते लगतच्या जमिनींना वापरासाठी खुले ठेवावेत, अशी अट अनेक मंजुऱ्यांत असते. ती असेल आणि मंजूर नकाशात रस्ता हद्दीपर्यंत नेलेला असेल, तर त्याच्या टोकावर बांधलेल्या भिंतीला त्या मंजुरीत आधार नाही, आणि महापालिकेकडे लेखी तक्रार करताना नकाशावरचे ते टोक लाल शाईने दाखवून द्यावे. पलीकडची वस्ती गुंठेवारीतली असेल तर हा मार्ग बहुधा बंद आहे. तिथे मोकळा राहिलेला एखादा प्लॉट शोधावा, आणि दोन्ही कॉलन्यांनी वर्गणी काढून त्यातली दहा फुटांची पट्टी रीतसर खरेदी करून महापालिकेच्या नावे करावी. नुसत्या तोंडी संमतीवर काढलेली वाट त्या प्लॉटच्या पुढच्या विक्रीपर्यंतच टिकते. तेहतीस फुटांच्या खोलीसाठी ३३० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागा लागेल. साठ-सत्तर घरांत ती रक्कम वाटून घेता येण्यासारखी असते. सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती व सूचनांच्या मुदतीत ही वाट नकाशावर दाखवण्याची मागणी करावी, हे वेगळे.

अर्ज लिहिण्याआधी एक काम मात्र आपण स्वतः करावे. पन्नास फुटांची टेप घेऊन एका रविवारी आपल्या गल्लीच्या टोकाच्या मध्यबिंदूपासून भिंतीपर्यंत आणि पलीकडच्या गल्लीच्या टोकापासून भिंतीपर्यंत सरळ माप घ्या, आणि भिंतीवरच्या त्या दोन खुणांमध्ये किती फुटांचे अंतर पडते ते लिहून ठेवा. ते दहा-बारा फुटांच्या आत असेल तर भिंतीला दार पाडणे पुरेसे आहे. माझ्या त्या जुन्या रेखांकनाप्रमाणे अठरा-वीस फूट निघाले, तरी चालणाऱ्यासाठी तिरकी पायवाट करता येते. फक्त तिच्यासाठी कोपऱ्याच्या प्लॉटवाल्याला चहाला बोलवावे लागेल.